निखार गेले असं ते म्हणाले

आमच्या ह्यांचा एक नियम आहे. पक्षी आधी ऐकायचा, मग बघायचा आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी उचलायचा. झाडाखाली पोचले की डोळे मिटून उभे राहतात, हात मागे बांधलेले, कॅमेरा गळ्यात लोंबतोय. मी त्याला त्यांची संध्या म्हणते. मुंजीनंतर ज्याने कधी पळी-पंचपात्राला हात लावला नाही, त्या माणसाला निवृत्तीनंतर ही अशी संध्या सापडली.

नोकरी सगळी कारखान्यात गेली, तीही जिथे दिवसभर घण पडतात अशा खात्यात. साताऱ्याहून भोपाळला आले ते दोन-चार वर्षांसाठी म्हणून. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा त्याच बरखेडा वसाहतीच्या जवळ घर घेतलं, कारण तिथली झाडं सोडवेनात. मी इंदूरची, त्यामुळे मला इथे परकं असं काही वाटलंच नाही. पक्ष्यांचं म्हणाल तर कावळा, चिमणी आणि कबुतर एवढेच मला ओळखता यायचे, आणि तेवढ्यावर माझं कधी काही अडलं नव्हतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून थर्मास घेऊन ह्यांच्याबरोबर निघायला लागले. पण हे चालतात कुठे, झाडागणिक थांबतात.

मग माझाही कान तयार झाला. मी पहिला स्वतःहून ओळखला तो निखार. चिमणीपेक्षा बारीक, लांब शेपटीचा, नराच्या छातीवर केशरी-लाल रंग. पाच-सात जण मिळून झाडांच्या शेंड्यांतून फिरतात आणि सारखे एकमेकांना नाजूक आवाजात हाका मारत असतात. इतक्या उंचावर नुसत्या नजरेने ते सापडत नाहीत; हाक आली की कुठे बघायचं ते कळतं. त्या दिवशी मी म्हटलं, "अहो, निखार," आणि हे एवढे खूश झाले की परतताना न सांगता पोहे-जिलेबी बांधून घेतली. आमच्या लग्नातसुद्धा त्यांचा चेहरा असा फुलला नव्हता.

यंदाच्या थंडीत ते म्हणायला लागले की निखार गेले. रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी झाली होती, त्यावर सगळं खापर फुटलं. जेवताना तोच विषय, चहा घेताना तोच. आमटीत मीठ नाही हेही त्यांच्या लक्षात येईना. रविवारी पक्षी बघणाऱ्या मंडळींची फेरी असते आणि हे त्यातले सगळ्यात वडील. येत्या रविवारी सगळ्यांना हे सांगायचं आणि मिळून छाटणीवाल्या साहेबांना जाऊन भेटायचं, असं त्यांनी ठरवलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी आम्ही शिरीषाच्या झाडाखाली उभे होतो. हे डोळे मिटून, मी थर्मास धरून. आमच्या डोक्यावर निखार बोलत होते. एक नाही, अख्खा घोळका. मला वाटलं आता हे हळूच डोळे उघडतील आणि मला बोट दाखवतील. त्यांनी डोळे उघडले, मान हलवली आणि म्हणाले, "नाहीत. चल."

आधी मला ती थट्टा वाटली. मग त्यांचा चेहरा बघितला. त्यांना खरंच काही ऐकू आलं नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या ते बरोबर मोजतात. दाराची घंटा ऐकतात, कोकीळ ऐकतात. माझं बोलणं ऐकू येत नाही, पण ते कुठल्या नवऱ्याला येतं? गेले होते ते फक्त बारीक आवाज. घणांनी आपला हिशेब उशिरा वसूल केला होता.

सांगावं कसं, हे मला कळेना. हा माणूस फार मानी. गुडघा दुखायला लागला तेव्हा बॅडमिंटनची रॅकेट त्याच संध्याकाळी शेजाऱ्याला देऊन टाकली होती, आणि नंतर त्या खेळाचं नावसुद्धा काढलं नाही. कान गेले म्हटल्यावर कॅमेराही तसाच कपाटात जाईल, आणि मग ह्यांच्या सकाळी कशाच्या भरवशावर उजाडायच्या? आणि न सांगावं, तर रविवारी चार लोकांत हे बोलतील आणि कुणीतरी सहज वर बोट करेल. ते मला बघवलं नसतं. सांगायचं तर आपणच, आणि रविवारच्या आत.

शनिवारी मीच त्यांना शिरीषाखाली घेऊन गेले. निखार होते. मी म्हटलं, उजव्या हाताच्या वाळक्या फांदीवर बघा. त्यांनी बघितलं. लाल छाती उन्हात आली होती.

"आले की," ते म्हणाले. "पण आज गप्प आहेत."

"गप्प नाहीत हो," मी म्हटलं. "मघापासून बोलतायत. त्या दिवशीही बोलत होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा वर. "आत्ताही?"

"आत्ताही."

त्यांनी लेन्सला झाकण लावलं आणि पलीकडच्या पारावर जाऊन बसले. मी चहा ओतून दिला, तो हातातच निवला. झालं, संपलं, असं मला वाटलं. मला स्वतःचा भयंकर राग आला. रविवार गेला असता खड्ड्यात, कुणी हसलं असतं तर हसलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "फुलटोच्या? आंब्यावरच्या बांडगुळाशी असायचा तो?"

"आहे की. कालच ऐकला."

"आणि चष्मेवाला?"

"तो तर आपल्या अंगणातल्या पेरूवर रोज येतो."

"रोज?"

"रोज."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपासून एकेक पक्षी कमी होत चाललाय असं त्यांना वाटत होतं. आधी फुलटोच्या गेला, मग चष्मेवाला, आता निखार. मला घाबरवायचं नाही म्हणून आधीच्या दोघांबद्दल बोलले नव्हते, पण आपल्या डोळ्यांदेखत सगळं रिकामं होतंय या विचाराने त्यांना झोप लागत नव्हती. मी इकडे त्यांच्या कानांची काळजी करत बसले होते आणि हा माणूस अख्ख्या भोपाळच्या पक्ष्यांचं सुतक एकटा पाळत होता.

"म्हणजे सगळे आहेत," ते म्हणाले.

"सगळे आहेत."

"नुसते माझे कानच गेलेत?"

मी होकाराची मान हलवली. त्यांनी मोठा श्वास सोडला, निवलेला चहा एका घोटात संपवला आणि म्हणाले, "बरं झालं बाई. मला वाटलं होतं, तेच गेले."

मला रडू आवरेना. त्यांनी तिकडे लक्षही दिलं नाही. ते उठले, लेन्सचं झाकण काढून खिशात टाकलं आणि झाडाखाली जाऊन उभे राहिले. डोळे उघडे ठेवून.

"रडतेस काय," ते म्हणाले. "इकडे ये, आणि कुठल्या फांदीवर बोलतायत ते सांग."