हलिमाची रेघ

कर्जतच्या बाजारात सोनारांची पाच दुकानं होती, आणि त्या पाचही दुकानांचा केर जलाल झारेकऱ्याच्या घरी यायचा. भट्टीची राख, फुटक्या मुशी, बैठकीखालची धूळ, इतकंच काय, सोनार ज्या पाण्यात हात धुवायचे त्या पाण्याचा गाळसुद्धा. जलाल मूळचा खाडीकाठचा. पण ज्या केरात सोन्याचे कण असतात त्याच्या मागोमाग झारेकरी जातो, तसा तो कर्जतला येऊन राहिला होता. उल्हास नदीच्या पाण्यावर तो केर धुवायचा, उरलेल्या गाळात पारा घोळायचा. पारा सोन्याचा कण न् कण पोटात घ्यायचा. मग तो फडक्यातून पिळायचा, उरलेला गोळा मातीच्या ताटलीत तापवायचा. पारा धूर होऊन उडून जायचा आणि ताटलीत सोनं राहायचं.

त्या धुरानंच जलालचे हात नेले. एकोणीसशे चौदाच्या सुमारास त्याच्या बोटांना कंप सुटला. पाण्याचा पेला ओठाला लावताना निम्मं पाणी सांडायचं. केर धुणं कसंबसं जमे, पण कसोटीच्या काळ्या दगडावर सोन्याची सरळ, एकसारखी रेघ ओढणं जमेना. आणि रेघ वाकडीतिकडी, कुठं दाट कुठं विरळ झाली की तिच्यावरून कस सांगता येत नाही.

हलिमा त्याची एकुलती एक लेक. तेव्हा ती वीस वर्षांची होती. लग्न झालेलं. नवरा इद्रिस रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये कामाला, आणि राहायची दोघं बापाच्याच शेजारी. एका सकाळी जलालनं दगड तिच्या पुढ्यात सरकवला.

"तू वड. मी बघतो."

पहिलं वर्षभर हात तिचा आणि डोळा बापाचा, असं चाललं. जलालकडे नमुन्याच्या काड्या होत्या, टोकाला ठाऊक असलेल्या कसाचं सोनं जडवलेल्या. पारखायच्या सोन्याची रेघ ओढायची, शेजारी काडीची ओढायची, दोन्हींवरून तेजाबाचा, म्हणजे तीव्र आम्लाचा, थेंब फिरवायचा आणि कुठली रेघ किती टिकते ते बघायचं. सोनारांकडं अशा काड्यांचा एक जुडगा असे. जलालनं दोन केले होते. एकात सोन्याला चांदीची भेसळ, दुसऱ्यात तांब्याची.

"चांदी सोन्याला फिकं करते, तांबं लाल करतं," तो सांगे. "रंगावर गेलीस की फसलीस. तांब्याची रेघ तेजाबात हिरवट होऊन पळते. चांदी असली तर तेजाबात मिठाचा खडा टाक, दुधासारखं पांढरं उठतं. आधी सोबती कोण हाय ते वळख, मग सोनं किती ते सांग."

दुसऱ्या वर्षी बाप नुसताच बसायला लागला. तिसऱ्या वर्षी बसायचाही थांबला, कारण गरज उरली नव्हती.

सोनारांना मात्र हे पटायला वेळ लागला. धोंडीशेट पोतदार त्यांतले वडीलधारे. ते स्वतः यायचे आणि ओटीवरूनच विचारायचे, "जलालभाई हाय का?" हलिमा आतून कस सांगायची, जलाल तोच मोठ्यानं म्हणायचा, आणि धोंडीशेट मान डोलावून जायचे. असं बरेच महिने चाललं. एकदा जलाल तापानं पडला होता. धोंडीशेट एक जुनी, पांढुरकी पुतळी, माळेत ओवायचं सोन्याचं नाणं, घेऊन आले होते. कोंडाण्याच्या वाडीतली बुधी ती मोडायला घेऊन आली होती, आणि धोंडीशेटांच्या मते ती निम्मीअधिक चांदी होती.

हलिमानं दगड ओटीवर आणला आणि त्यांच्यासमोर रेघ ओढली. तेजाब फिरवलं, त्यात मिठाचा खडा टाकला. पांढरं उठलं, पण थोडंच, आणि रेघ जागची हलली नाही.

"तोळ्याच्या बारा माशांत नऊ मासे सोनं हाय, शेट. बाकी चांदी. तांबं अजिबात नाय, म्हणून फिकी दिसते."

धोंडीशेटांनी आपल्या दुकानात जाऊन पुतळीचा तुकडा आणखी चांदी मिसळून वितळवून, मग सगळी चांदी तेजाबात विरघळवून, उरलेलं सोनं तोललं. नऊ माशांना केसाइतकं कमी भरलं. दुसऱ्या दिवशी ते आले ते ओटीवर थांबले नाहीत. आत आले आणि म्हणाले, "हलिमाबाय, हाय का वेळ?" बुधीला नऊ माशांचाच भाव मिळाला, हेही त्यांनीच सांगितलं.

एकोणीसशे एकवीसच्या हिवाळ्यात मुंबईच्या एका कॉलेजात रसायन शिकवणारे कान्हेरे नावाचे प्राध्यापक कर्जतला उतरले. सोनाराच्या दगडावर किती विश्वास ठेवावा, याचं संशोधन ते करत होते. वीस निरनिराळ्या मिश्रणांच्या गोळ्या त्यांनी स्वतः ओतल्या होत्या आणि प्रत्येकीतलं सोनं प्रयोगशाळेच्या भट्टीत काढून तोललं होतं. आता त्याच गोळ्या घेऊन ते पारख्यांच्या दारी फिरत होते. मुंबईत अकरा जण झाले होते, पनवेलात तीन. पनवेलच्या सोनारानं त्यांना धोंडीशेटांचं नाव सांगितलं आणि धोंडीशेटांनी त्यांना सरळ हलिमाच्या दारात आणून उभं केलं.

"आमच्याकडं बघायचं तर हिला बघा," ते म्हणाले.

कान्हेऱ्यांनी डबी उघडली. गोळ्यांवर फक्त आकडे होते. हलिमानं हात धुतले, दगड तेलाचं बोट लावून पुसला आणि कामाला बसली. प्रत्येक गोळीपाशी आधी एका जुडग्यातली काडी, मग दुसऱ्यातली. ती सांगेल तो आकडा कान्हेरे वहीत लिहून घेत होते.

मध्येच त्यांनी विचारलं, "दोन जुडगे कशाला?"

तिनं बापानं सांगितलं होतं तेच सांगितलं. कान्हेऱ्यांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी मागची पानं उलटली. मुंबईतल्या पारख्यांनी ज्या गोळ्यांत चुका केल्या होत्या, त्या बहुतेक एकतर फार तांब्याच्या होत्या नाहीतर फार चांदीच्या.

"हे मला आधीच सुचायला हवं होतं," ते म्हणाले, जरा स्वतःशीच.

वीस झाल्यावर त्यांनी आपला कागद काढला आणि तिचे आकडे ताडून पाहिले. एकोणीस गोळ्यांत फरक गुंजेच्या, म्हणजे माशाच्या आठव्या भागाच्या, आतबाहेर. चौदा नंबरात मात्र त्यांचा कागद तोळ्याला साडेनऊ मासे म्हणत होता आणि हलिमा पावणेदहा.

"इथं दोन गुंजा जास्त सांगितल्या तुम्ही," कान्हेरे म्हणाले. "एक चूक काही नाही. इतकं अचूक कुणीच सांगितलेलं नाही."

हलिमानं चौदा नंबर परत उचलला. नवी रेघ ओढली, वेगळ्या बाजूनं. मग तिसऱ्या बाजूनं.

"पावणेदहा हाय, साहेब."

"बाई, हे भट्टीत काढून तोललेलं आहे. तराजू चुकत नाही."

"तराजू नाय चुकत. भट्टी चोरते." ती आत गेली आणि हाडांच्या राखेची एक जुनी, वापरून काळी पडलेली वाटी घेऊन आली. अशा वाटीत शिसं घालून सोनं वितळवलं की शिसं मळ घेऊन वाटीत जिरतं आणि वर चोख मणी राहतो. तिनं वाटी फोडली, कुटली, थाळीत पाणी घालून हलवली. तळाशी पिवळा, सुईच्या टोकाएवढा ठिपका चमकला. "आग लई झाली की शिशाबरोबर सोनंबी आत शिरतं. आमी म्हणून वाट्या टाकत नाय. त्या दिवशी तुमची भट्टी भडकली आसंल."

धोंडीशेट अस्वस्थ झाले. मुंबईच्या विद्वानाला असं तोंडावर सांगणं त्यांना जड वाटलं असावं. इद्रिस शेडमधून नुकताच आला होता, तोही दारात थबकला. जलाल कोपऱ्यात बसला होता. थरथरणारे दोन्ही हात त्यानं मांडीखाली घातले आणि लेकीकडं बघत राहिला.

कान्हेऱ्यांनी चष्मा काढून तो ठिपका पाहिला. "बघतो," इतकंच म्हणाले, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

सव्वा महिना काही कळलं नाही. त्या दिवसांत हलिमा नेहमीसारखी केर धूत होती, पण इद्रिसला ठाऊक होतं की तिनं चौदा नंबरच्या रेघा दगडावरून पुसल्या नव्हत्या. दुसऱ्या दगडावर काम चाललं होतं.

मग कान्हेरे स्वतःच आले. त्यांनी चौदा नंबर तीनदा नव्यानं काढला होता, आणि दर वेळी शेजारच्या वाटीत वजन ठाऊक असलेलं चोख सोनं ठेवलं होतं, म्हणजे भट्टी किती चोरते ते त्या चोख सोन्यावरून कळावं. हिशेब जुळवल्यावर उत्तर आलं होतं पावणेदहा मासे, अर्धी गुंज कमी.

"माझा कागद चुकला होता," ते जलालपुढं बसून म्हणाले. "तुमच्या मुलीची रेघ बरोबर होती."

"अर्धी गुंज चुकली की," जलाल म्हणाला.

हलिमा हसली. त्या दिवशी बापाच्या तोंडून तिला तेवढंच ऐकायचं होतं. तो एवढं बारीक तेव्हाच बोलायचा, जेव्हा काम त्याला स्वतःच्या तोडीचं वाटायचं.

निबंध तेवीस साली छापून आला, इंग्रजीत. त्यात दोन जुडग्यांची पद्धत होती, चोख सोन्याचा साक्षीदार ठेवण्याची सूचना होती, आणि दोन्हींपाशी हलिमाचं नाव होतं. नाव कसं लिहू, असं कान्हेऱ्यांनी आधी विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं, "हलिमा, जलाल झारेकऱ्याची, कर्जत. तिन्ही लिवा." तिन्ही लिहिली होती. धोंडीशेटांनी तो अंक मागून नेला आणि बाजारभर दाखवला, जणू काही तो त्यांनीच लिहिला होता. खालापूरचा एक सोनार कर्जतचं सोनं कमी कसाचं म्हणून नाक मुरडायचा, त्याच्या दुकानात तर ते मुद्दाम जाऊन आले.

पुढची कितीतरी वर्षं कान्हेरे दर हिवाळ्यात आपले विद्यार्थी घेऊन कर्जतला यायचे. कोट घातलेली ती मंडळी हलिमाच्या ओटीवर मांडी घालून बसायची. ती प्रत्येकाला एकेक रेघ ओढायला लावायची आणि वाकडी आली की दगड पुसून परत हातात द्यायची. पारा तापवायचा तर उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन उभं राहून, हे मात्र ती सगळ्यांत आधी सांगे. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बापाच्या हातांकडं बोट दाखवायची तिला गरज पडत नसे.