आमच्या राजसची गुळाची तुला

आज आमच्या राजसकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण लग्नात हा मुलगा इतका किडकिडीत होता की त्याच्या शेरवानीत आणखी एक राजस मावला असता. तीस वर्षं मी त्याला खाऊ घातलं हो! शिरा झाला, खीर झाली, लोणी झालं, केळं-दूध झालं. कुणी म्हटलं अश्वगंधा, तर अश्वगंधा. आमच्या गावातल्या देवास गेटच्या वैद्यांकडून च्यवनप्राशाचे डबेच्या डबे आणले. अंगाला काही लागेल तर शपथ! आमच्या माधव नगरातल्या बायका मला विचारायच्या, "नंदाताई, पोराला जेवायला देता ना?" असा संताप यायचा, काय सांगू.

आणि मग ही श्रुती सून होऊन आली. देवासची मुलगी, शाळेत गणित शिकवते, बोलायला एकदम मऊ. मी म्हटलं, हिला स्वयंपाकात काय येणार? डोंबल! आणि तिनं चार वर्षांत माझ्या काडीला एकशे आठ किलोवर नेऊन ठेवलं. मला आनंद व्हायला हवा होता की नाही? झाला नाही. माझा तुपाचा डबा तीस वर्षं फुकट गेला आणि हिच्या हातचा वरणभात लागू पडला, हे कुठल्या आईला पचेल?

मला हे प्रकरण कळलं ते असं. एका रविवारी सकाळी या दोघांच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला, "एक्क्याण्णव! एक्क्याण्णव!" मला वाटलं मॅच चालू आहे. दार ढकललं तर राजस वजनकाट्यावर उभा आणि श्रुती टाळ्या वाजवतेय. मी म्हटलं, "अरे, वजन वाढलं म्हणून कुणी नाचतं का?"

"आई, बस जरा," राजस म्हणाला. "तुला सांगायचंच होतं. हे आपोआप नाही झालेलं. मी मुद्दाम वाढवतोय."

"मुद्दाम?"

"मला जाडं व्हायचंय. लहानपणापासून व्हायचंय. आणि हिला मला भरवायला आवडतं. लग्न ठरलं तेव्हाच आम्ही एकमेकांना सांगितलं होतं. जगात असे पुष्कळ लोक असतात गं. मोबाईलवर त्यांचे ग्रुप आहेत. एक जण भरवतो, एक जण खातो, वजन वाढलं की दोघांनाही आनंद होतो."

मी म्हटलं, "आमच्यात त्याला पंगत म्हणतात. त्यासाठी मोबाईल कशाला लागतो?"

श्रुती लाजून लाल झाली. म्हणाली, "आई, तसं नाही. हे जरा... आमचं दोघांचं असतं." म्हटलं बरं बाई, तुमचं तुमच्यापाशी. मला पुढचं ऐकायचं नव्हतं. काही गोष्टी सासूला न कळलेल्याच बऱ्या.

पण लपवणार किती आणि काय? रोज रात्री जेवायला बसलं की ही त्याच्या शेजारी पाट ओढून बसणार आणि बाफला, म्हणजे आमच्याकडची उकडून भाजलेली बाटी, तुपात कुस्करून, डाळ घालून, घास करून त्याला देणार. हा डोळे मिटून खाणार. छत्तीस वर्षांचा घोडा! आमचे हे, म्हणजे मधुकरराव, रेल्वेतून रिटायर झालेले शांत गृहस्थ. त्यांनी पेपर वर धरून जेवायची सवयच लावून घेतली.

आता खोटं कशाला बोलू, बेफिकीर नाहीत हं दोघं. दर काही महिन्यांनी रक्त तपासून घेतात. डॉक्टरांनी सांगितलं साखर काठावर आहे, तर त्या दिवसापासून श्रुतीनं चहातली साखर बंद केली आणि ती त्याला संध्याकाळी कोठी रोडवर चालायला न्यायला लागली. डॉक्टर म्हणाले, "कमी केलंत तर बरं." राजस म्हणाला, "वाढवणार नाही इतकं कबूल." यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

कपड्यांचा मात्र तमाशाच. यांच्या पंचाहत्तरीसाठी राजसला कुडता हवा होता. बाजारात त्याच्या मापाचा मिळेना. श्रुती गेली भैरवगढला आणि ठप्प्याच्या छपाईची डबलबेडची चादर घेऊन आली. शिंपी आनंदानं म्हणाला, "भाभीजी, बडा मैदान मिला है, मन लगाकर सिऊंगा." एका अख्ख्या चादरीत एक कुडता! पोटावर मोर आला, पाठीवर मोर आला आणि उशांचे अभ्रे उरले ते मी वापरतेय.

तर यांची पंचाहत्तरी. आमच्यात पंचाहत्तरीला शांत करतात आणि तुला करतात, म्हणजे माणसाला तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्या पारड्यात त्याच्या वजनाचा गूळ घालायचा आणि तो गूळ दान करायचा. यांची मोठी बहीण, जयूवन्सं, त्यासाठी इंदूरहून आठवडाभर आधीच येऊन बसल्या. वन्सं म्हणजे पहाटे उठून दुधीचा रस पिणाऱ्या. राजसनं दार उघडलं आणि वन्संनी बॅग हातातून सोडली.

"अगं बाई! हे काय करून ठेवलंय पोराचं?"

"छान दिसतोय ना, आत्या?" राजसनं विचारलं.

वन्संनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. सरळ श्रुतीकडे वळल्या. "तू केलंस हे. माझ्या भावाच्या एकुलत्या एका पोराला मारायला निघालीस. गळ्यात दोर घातला नाहीस इतकंच!"

श्रुती बिचारी राजसकडे बघत राहिली. आता हा बोलेल, मग बोलेल. हा काय करतोय? हसतोय! "आत्या, चहा घेतेस ना?" म्हणे. पुढचे दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वन्सं तेच ऐकवायच्या, श्रुतीनं पोराला बिघडवलं, श्रुतीनं काय खायला घातलं देव जाणे. आणि हा भित्रा दर वेळी चहा विचारायचा.

दुसऱ्याच दिवशी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, तेव्हा श्रुती त्याला म्हणाली, "राजस, हे तुला हवंय की मी तुझ्यावर लादतेय?"

"मला हवंय! काय विचारतेस?"

"मग हे सगळ्यांसमोर सांग. ऐकून घेणारी मी एकटी आणि मजा दोघांची, हे चालणार नाही. तू सांगेपर्यंत माझ्या हातचा एक घास मिळणार नाही. खुशाल हातानं जेव."

मनात म्हटलं, शाब्बास पोरी! आणि लगेच मनात दुसरं आलं, आता माझी पाळी. त्या रात्री मी पाट ओढून बसले. बाफला कुस्करला, तूप ओतलं, घास केला. राजसनं तो गिळला, जसा एरंडेल गिळायचा तसा. दुसरा केला, तिसरा केला. तोंड हे एवढंसं. मी म्हणाले, "काय रे, माझ्या हाताला काटे आहेत?" तर म्हणाला, "नाही गं आई, पोट भरलं." पोट भरलं म्हणे! एकशे आठ किलोचा माणूस तीन घासांत? पुढे रोज तेच. रविवारी काट्यावर गेला नाही. वन्सं मात्र खूश. "बघ, माझ्या नुसत्या येण्यानं उतरायला लागला."

आला तो पंचाहत्तरीचा दिवस. हॉल भरला. गुळवाल्यानं आपला मोठा तराजू तिवईला टांगून दिला आणि गुरुजींनी सगळ्या ढेपी एका पारड्यात रचून घेतल्या. मला ढीग जरा मोठा वाटला, पण त्या गडबडीत कोण बघतंय? दुसऱ्या पारड्यात आमच्या यांना बसवलं. गळ्यात हार, हातात नारळ. गुरुजींनी मंत्र म्हणत टेकू काढला.

कशाचं काय! पारडं खाली यायचं नावच घेईना. आमचे हे जमिनीपासून तीन हात वर, पाय लोंबकळतायत, हार डोळ्यांवर आलाय.

"अगं नंदा," हे वरून म्हणाले, "मला उतरव."

सगळा हॉल हसायला लागला. यांना खाली घेतलं. गुळवाल्याला पकडलं. तो म्हणाला, "माताजी, मेरी क्या गलती? बाबूजी ने फोन पे एक सौ आठ बोला था, मैंने तौल के एक सौ आठ भेजा."

फोन राजसनं केला होता. गुळवाल्यानं विचारलं, वजन किती? आणि या शहाण्यानं स्वतःचं सांगितलं! गेली चार वर्षं घरात वजन म्हटलं की एकच वजन. बापाचंही काही वजन असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

वन्संना तर आयतंच सापडलं. "मग त्यालाच बसवा की! त्याच्याच मापाचा आलाय. बघू दे लोकांना, या बाईनं काय पराक्रम केलाय!"

आता कुणी हसलं नाही. श्रुती उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पदर सावरून ती दाराकडे चालायला लागली. ही आत्ता गेली तर नुसती हॉलबाहेर जाणार नाही, हे मला कळलं. मी राजसला ढोसलं. "चहा विचारू नकोस आता, मेल्या."

राजस उठला. पोटावरचा मोर सावरत गेला आणि धप्पकन पारड्यात बसला. तिवई करकरली. गुरुजी दोन पावलं मागे सरले. सगळ्यांना वाटलं, काटा बरोबर मध्ये येणार. पण गुळाचं पारडं खालीच! राजस किंचित वर, पाय टेकवायला धडपडतोय.

"हे कसं?" तो ओरडला. "मी उतरलोय! अरे, मी उतरलोय!" चेहरा असा केला, जसं कुणी खिसाच कापलाय. "श्रुती, बघ ना! तू भरवणं बंद केलंस म्हणून!"

श्रुती दारात थांबली.

"आत्या, सगळ्यांनीच ऐका," तो पारड्यात झुलत म्हणाला. "हिनं काही केलेलं नाही. मला जाडं व्हायचं होतं, मी झालो. मीच हिला म्हणतो भरव म्हणून. काडी होतो तेव्हा मी खोलीत आलेलो कुणाला कळायचंसुद्धा नाही. आता मी येतो तेव्हा मी आलेलो असतो. मला हे पोट आवडतं. हिलाही आवडतं. कुणाला बोलायचं असेल तर मला बोला. हिला बोलायचं नाही."

श्रुती सरळ पुढे आली, गुळाच्या पारड्यातली एक ढेप फोडली आणि एक खडा भर सभेत त्याच्या तोंडात घातला. "दानाचा गूळ!" वन्सं किंचाळल्या. गुरुजी म्हणाले, "संकल्प व्हायचाय अजून, खाऊ द्या." आणि काय सांगू, त्या खड्यासाठी राजसनं डोळे मिटून असं तोंड उघडलं, की मला राहवेना. मीही गेले. चांगला मूठभर गूळ घेतला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

"बस, आई," तो म्हणाला.

"बस काय बस? खा! तिचा चालतो, माझा चालत नाही? तीस वर्षं भरवलं मी तुला, एक गुंज चढला नाहीस! काय कमी केलं होतं मी?" माझा आवाज चढला होता आणि सगळे ऐकत होते, ऐकू दे.

"तू घाबरून भरवायचीस गं," तो हळूच म्हणाला. "मी मरेन म्हणून. मी बस म्हटलं की तू आणखी कोंबायचीस. मला घासाची भीती वाटायची. ही आधी विचारते. मी बस म्हटलं की थांबते. म्हणून मला आणखी खावंसं वाटतं."

खरंच होतं ते. सातव्या महिन्यात झालेलं पोर माझं, तळहातावर मावायचं. प्रत्येक घासाला वाटायचं, हा गेला पोटात म्हणजे आजचा दिवस निभावला. तो मोठा झाला, बँकेत लागला, तरी माझा दिवस निभावायचाच राहिला होता. मला रडू आलं आणि रागही आला. हे सांगायला याला तराजूत बसावं लागलं!

माझी मूठ त्याच्या तोंडापाशी तशीच. बोटांना गूळ चिकटलेला. वाटत होतं द्यावा कोंबून एकदाचा. मूठ मागे घेतली आणि विचारलं, "आणखी हवाय का रे तुला?"

राजसनं पोटावर हात ठेवून नीट विचार केला, अगदी मन लावून.

"तुझ्या हातचा ना?" तो म्हणाला. "लहानसा दे."