अक्कांचं पनीर आणि माझा अज्ञानाचा पडदा

मागच्या रविवारी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी न्याय्य समाज उभा करायला गेले होते... सकाळी सकाळी, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, चहा यायच्या आधी. अजून हसू आवरत नाही, म्हणून लिहितेय.

भांडणाचं कारण कोल्हापूरला शोभेल असंच होतं. आखाड! श्रावण लागायच्या आधी आम्ही सगळी बिऱ्हाडं मिळून टेरेसवर मटण करतो. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी. चेअरमन आण्णा पाटील स्वतः पातेल्याजवळ उभे असतात आणि दुसऱ्या कुणाला पळीला हात लावू देत नाहीत.

टेरेसच्या दाराला लागूनच गौराक्कांचा फ्लॅट. अक्का लिंगायत, पक्क्या शाकाहारी, आणि आता एकट्याच राहतात. यंदा त्यांनी सरळ सांगितलं... टेरेसवर मटण नको. शिजणार असेल तर फ्लॅट भाड्यानं देऊन मी कागलला पोराकडं जाते.

त्यावर आण्णा म्हणाले, मग माझा राजीनामा घ्या. आण्णा रोज सकाळी दूध आणायला जातात तेव्हा अक्कांची पिशवीही आणून त्यांच्या दाराला अडकवतात. ते बंद झालं. तेव्हा मात्र मीच सगळ्यांना रविवारी पार्किंगमध्ये बोलावलं, कारण अक्का नसलेली आमची बिल्डिंग मला नकोच आहे.

आणि थोडा रागही आला. अहो, आम्ही अक्कांना किती जपत होतो! आखाडाच्या दिवशी त्यांना अवघडायला नको म्हणून वर बोलवायचोच नाही. उलट हॉटेलातून खास पनीर मसाला मागवून त्यांच्या दारात पोचवायचो. त्यातलं बरंचसं अक्का लगेच माझ्याकडे पाठवून द्यायच्या... मला वाटायचं, काय जीव आहे हिचा माझ्यावर!

तर मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. आमच्याकडे ‘अज्ञानाचा पडदा’ नावाची एक सुंदर कल्पना आहे. आपण कोण, कुठल्या धर्माचे, काय खाणारे, यातलं काहीच आपल्याला माहीत नाही असं धरून नियम करायचे. मग कुणीच आपल्या पोळीवर तूप ओढत नाही. वर्गात हे सांगताना माझं मलाच भरून येतं.

पार्किंगमध्ये सांगितलं, तर आण्णा म्हणाले, “मी कोण हाय हे मलाच म्हाईत न्हाय, असं कसं चालंल मॅडम? चेअरमन हाय की मी!”

मग मी प्रयोग सोपा केला. म्हटलं, ठीक आहे, आण्णांनी अक्का व्हायचं आणि अक्कांनी आण्णा. एकमेकांची बाजू मांडा.

अक्का उठल्या, पदर खोचला आणि थेट आण्णांच्या पट्टीत सुरू झाल्या. “वरसातनं एकदा सगळी एका जागी बसत्यात. बायकूला त्या दिशी सैपाकाला सुट्टी. तेवढं बी बंद करायचं व्हय? त्या म्हातारीचं काय ऐकताय!” सगळ्यात जोरात टाळ्या आण्णांच्या बायकोनं वाजवल्या.

आता आण्णा मागे राहणार का? त्यांनी चक्क डोळे पुसले. “मी एकटी बाई. सांजंला पूजंला बसलं की दारातनं वास! न्हाय चालायचं. टेरेसला कुलूप घाला आन किल्ली पंचगंगेत टाका!” बोलण्याच्या भरात चेअरमनसाहेबांनी स्वतःचाच आखाड कायमचा बंद करून टाकला.

मी खूश! आख्खा सिद्धांत सिद्ध झाला होता... तेवढ्यात अक्का म्हणाल्या, “अय्य, चुकीचं भांडालायस की आण्णा.”

आण्णा खुर्चीत बसले, पण अक्का थांबल्या नाहीत.

“वास तर घरात बसलं तरी येतोय. तुम्ही समदी वर हसताय, आन मी कडी लावून एकटी. वर आन ते पनीर! मला पनीर आवडत न्हाय. कुणी इचारलं कधी?”

“मग सांगायचं न्हाय व्हय अक्का?”

“तुम्ही इचारायचं न्हाय व्हय?”

तेवढ्यात चहा आला. 

नंतरचे नियम चहा संपायच्या आत झाले. टेरेसच्या दोन टोकांना दोन शेगड्या. अक्कांचं पातेलं वेगळं, पळी वेगळी. त्यांची पूजा आटपल्याशिवाय मटण चढवायचं नाही. पंगत मात्र एकच.

काल आखाड झाला. अक्कांनी येणगाय केली होती, म्हणजे त्यांच्या माहेरची, सीमेकडची भरली वांगी... आणि सोबत कडक भाकरी. रस्सा उकळत राहिला आणि निम्मी बिल्डिंग दुसऱ्या टोकाला रांग लावून उभी! शेवटी आण्णाही ताट घेऊन आले, तर अक्का म्हणाल्या, “आधी हात धुऊन ये.” चेअरमन निमूटपणे हात धुवायला गेले.

कागलचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट अक्कांनी पोरालाच फोन केला, पुढच्या आखाडाला तूच इकडं ये म्हणून. आज सकाळी त्यांच्या दाराला दुधाची पिशवी दिसली आणि खरंच खूप बरं वाटलं. पडद्यावर माझी अजून श्रद्धा आहे... फक्त यापुढे वर्गात सांगेन, पोरांनो, पडदा ओढायच्या आधी शेजारच्या दाराची बेल वाजवा.

एकूण काय, सगळ्यांना न्याय मिळाला. अन्याय एकटीवरच झालाय. मला पनीर फार आवडतं हो... आणि काल कुणीच मागवलं नाही!