एप्रिलचं पान

परदेशातून आलेली एक नर्स आमच्या गावच्या दवाखान्यात एकटीच राहायची. आम्ही तिला सिस्टरबाई म्हणायचो. तिच्या देशातल्या बायका दर आठवड्याला जमून जुन्या चादरी फाडून जखमांवर बांधायच्या पट्ट्या गुंडाळत आणि औषधांबरोबर खोक्यांतून पाठवत. बाई त्यांना पत्रं आणि फोटो धाडायची. फोटो थांबले तर खोकीही थांबतील, ही तिची धास्ती.

माझ्या आईला महारोग होता. हे बाई, बाबा आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक. दवाखाना झाडायच्या निमित्ताने आई गोळ्या घ्यायला जायची, हात पदराखाली. हातांवर चट्टे होते, एक करंगळी वाकली होती. बाईने फोटो मागितला तेव्हा आई नाहीच म्हणाली. मीच तिच्या मागे लागले.

"समुद्रापार कोन वळखते तुले, माय? दाखव न हात."

तिने दाखवले.

पुढच्या जानेवारीत खोक्यातून कॅलेंडरं आली. गुळगुळीत कागद, बाईने धाडलेल्यांतले बारा फोटो. बाई हरखली आणि न चाळताच वाटत सुटली. शाळेत, तुमसरच्या राइस मिलमध्ये, सिहोऱ्याच्या दुकानांत. सिहोऱ्यालाच माझी सोयरीक ठरली होती. एप्रिलच्या पानावर आई होती, दोन्ही हात पुढे धरून.

मी रडत बाईकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून ती सायकलवर घरोघर जाऊन तेवढंच पान परत मागू लागली. एप्रिलला अवकाश होता, तोवर पुढची पानं कोण चाळत होतं? आता ज्याने त्याने चाळली. माझा राग अजून गेलेला नाही, निम्मा तिच्यावर, निम्मा स्वतःवर.

सोयरीक मोडली. त्याचं मला फारसं वाटलं नाही. पण आईने दवाखाना सोडला. बाई गोळ्या घेऊन दारात आली की ती आतून कडी लावायची. मी आणलेल्या गोळ्या चुलीत टाकायची.

"आता काय लपवाचं रायलं? कायले खाऊ?"

काही वर्षांत बोटं झिजत गेली, मग नजर गेली. बाई मायदेशी परतताना गोळा केलेली पानं माझ्याकडे देऊन गेली. मी सगळी जाळली, एक ठेवलं.

आईने एकदाच विचारलं, "फोटूत कशे दिसते व माहे हात?"

मी पेटीतून पान काढलं. दहाही बोटं होती.