भागीरथीने अख्खं पान वाचलं

भागीरथी उबाळेला कोणी ‘बिचारी’ म्हटलेलं खपत नसे, म्हणून आपणही म्हणायचं नाही. अंबरनाथच्या पश्चिमेला, कारखान्यांच्या मागच्या अंगाला जी बौद्ध वस्ती आहे, तिथल्या बालवाडीत ती मदतनीस होती. मदतनीस म्हणजे घरोघर फिरून पोरं गोळा करायची, नाकं पुसायची, ओल्या चड्ड्या बदलायच्या, सुकडी वाटायची आणि शिकवायचं तेवढं नाही. शिकवायला बाई वेगळ्या. त्या बाई लग्न होऊन नाशिकला गेल्या, दुसरं कोणी यायला तयार होईना, आणि भागीरथीच गाणी घेऊ लागली, फळ्यावर गोल काढू लागली. पोरं तिलाच बाई म्हणायला लागली. पद मात्र मदतनिसाचंच राहिलं.

बालवाडी चालवणाऱ्या संस्थेला तिने एक दिवस सरळ विचारलं, की काम मी करते तर नेमणूक का नाही? तिथून उत्तर आलं, की उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात बालवाडी शिक्षिकांचं प्रशिक्षण चालतं, ते करून या, मग तुम्हालाच नेमू. चौथी पास चालेल, वय जास्तीत जास्त पस्तीस हवं, आणि आधी प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. अंकगणित आणि वाचन. ही गोष्ट १९८६ सालची. भागीरथी तेव्हा चौतिशीला टेकली होती. तिचा जन्म धर्मांतराच्या आधीचा, त्यामुळे नाव भागीरथी राहून गेलं होतं, आणि चौथीची परीक्षा देऊनही वीस-बावीस वर्षं झाली होती.

आता तिला वाचता येत नव्हतं असं नाही. अक्षरं येत होती, शब्द लागत होते. पण वीस-बावीस वर्षांत वाचायची वेळ कधी आली नव्हती, आणि कान मात्र भलताच तयार झाला होता. दर रविवारी विहारात वंदना व्हायची. तिचा नवरा भीमराव पुढे बसून एकेक ओळ सांगायचा आणि मागे बसलेल्या बायका ती म्हणायच्या. वंदनेचं पुस्तक प्रत्येकीच्या हातात असायचं, जिला अक्षर ओळखता येत नव्हतं तिच्याही. शेजारणीने पान उलटलं की आपणही उलटायचं. असं करत करत सगळ्यांना सगळं पाठ झालं होतं, आणि पाठ आहे म्हणजे येतं, यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. वावगं होतंही कुठे? ज्यांच्या आज्यांना शाळेची पायरी चढू दिली नव्हती, त्यांनी कानाने शिकायचं नाही तर कशाने शिकायचं?

तर भागीरथीने परीक्षेचा अभ्यासही तसाच केला. बदलापूरच्या शिरगावात तुळशी नावाची तिच्या ओळखीची एक बाई होती. तिने आदल्या वर्षी हीच परीक्षा दिली होती. परीक्षेत वाचायला उताऱ्यांची कार्डं देतात आणि ती दरवर्षी तीच असतात, हे तुळशीने सांगितलं आणि आठवतील तसे पाच उतारे लिहूनही दिले. भीमरावाने ते भागीरथीला वाचून दाखवायचे आणि तिने मागून म्हणायचे, असं महिनाभर चाललं. भीमराव कारखान्यात फिटर होता, वाचायची त्याला हौस, आणि आवाज असा की अर्धी चाळ ऐकायची. महिन्याच्या शेवटी भागीरथीला पाचही उतारे स्वल्पविरामासकट पाठ झाले. ती भाकऱ्या थापताना ते म्हणायची आणि सासू गोजरबाई कुठे चुकलं तर मधूनच टोकायची, कारण आता तिलाही ते पाठ झाले होते.

परीक्षा एका जुन्या बराकीत होती. सकाळी अंकगणित तोंडी झालं. पाढे विचारले, भागीरथीने तिसाच्या पुढे नेऊन दाखवले. पावकी विचारली, निमकी विचारली, कुठे अडखळली नाही. परीक्षक म्हणून चष्मेवाल्या एक बाई होत्या, त्या खूश होऊन म्हणाल्या, “वा, चांगलं पाठांतर आहे हो.”

दुपारी वाचन. त्याच बाई, तेच टेबल. त्यांनी कार्ड दिलं. पहिली ओळ होती, ‘आमच्या गावाजवळून एक नदी वाहते.’ भागीरथीने ती ओळखली आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने कार्डावर बोट ठेवलं आणि सुरू झाली. नदी, नदीवरचा नावाडी, त्याची होडी, पुरात त्याने वाचवलेली वासरं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं भीमरावासारखं. बोट ओळीमागून ओळ पुढे सरकत होतं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाल्या, “यातला नावाडी कुठे आहे? जरा बोट ठेवा.”

भागीरथी शोधू लागली. नावाडी कुठेच नव्हता. होडी नव्हती, वासरं नव्हती. त्या वर्षी कार्डं बदलली होती. पहिली ओळ तेवढी तीच ठेवली होती आणि पुढे नदीकाठच्या वीटभट्ट्यांची माहिती होती. शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कार्ड परत घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही मदतनीस आहात ना? चांगलं काम आहे ते. तेच करा.”

सकाळी ज्या गुणाचं कौतुक केलं, दुपारी त्याच गुणासाठी बाहेर काढलं. कुठलं पाठांतर चांगलं आणि कुठलं वाईट हे आधी कोणी सांगितलं असतं, तर एवढी फजिती झाली नसती. पण ते सांगायची पद्धत नसते. ज्यांच्या घरात ते पिढ्यान् पिढ्या माहीत असतं त्यांना सांगावं लागत नाही, आणि ज्यांना माहीत नसतं त्यांच्यावर हसता येतं.

ही बातमी भागीरथीच्या आधी वस्तीत पोचली. विहाराबाहेर चप्पल घालताना कोणीतरी विचारलं, “काय गं, नावाडी सापडला का?” भीमराव त्या संध्याकाळी जेवला नाही.

“चारचौघांत हसू करून घेतलंस,” तो म्हणाला. “मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. आता बास झाली ती परीक्षा.”

“हसू माझं झालं,” भागीरथी म्हणाली. “तुम्ही कशाला उपाशी बसता? जेवा. पुढच्या वर्षी मी परत बसणार आहे.”

“अगं, पुढच्या वर्षी पस्तीस भरतील तुला. तीच बाई असेल समोर.”

“असू दे. तिच्यासाठीच बसायचंय. आणि आता मला काही वाचून दाखवायचं नाही. एक ओळसुद्धा नाही.”

भीमरावाला हे फार लागलं. महिनाभर घसा कोरडा करून शेवटी हे ऐकायचं, असं त्याला वाटलं, आणि त्याचंही चूक नव्हतं. पण भागीरथीचं डोकं फिरलं होतं. तिला लाज वाटली होती हे खरं, पण लाजेपेक्षा राग मोठा होता. आपण वाचत आहोत असं आपल्याला खरंच वाटत होतं, याचा राग. आणि ‘तेच करा’ याचा राग तर असा, की बादलीत फडकं पिळतानाही ती ते शब्द पिळायची.

पण वाचायचं काय? धड्याचं पुस्तक दोनदा वाचलं की तिच्या कानाला ते पाठ व्हायचं आणि तिसऱ्यांदा डोळे नुसते मागून फरफटत यायचे. तिला असं काहीतरी हवं होतं जे आधी कधी ऐकलेलं नाही आणि परत समोर येणार नाही. ते घरातच पडलेलं होतं. बालवाडी सुटल्यावर ती आणि गोजरबाई कागदाच्या पिशव्या चिकटवायच्या. उल्हासनगरचे सिंधी दुकानदार रद्दीचा गठ्ठा पाठवायचे आणि पिशव्या घेऊन जायचे. वर्तमानपत्राचं पान घ्यायचं, घडी घालायची, खळ लावायची, की झाली पिशवी. इतकी वर्षं तिने हजारो पानं दुमडली होती आणि एकही पाहिलं नव्हतं.

आता ती प्रत्येक पान दुमडायच्या आधी वाचू लागली. कुठे अर्धी बातमी असायची, कुठे टेंडर, कुठे ‘वर पाहिजे’, कुठे निधनवार्ता. शेवट दुसऱ्या पानावर, आणि ते पान कधीच पिशवी होऊन गेलेलं. खून कोणी केला हे तिला कधी कळलं नाही. पाठ करायला काही हातात राहतच नव्हतं. सुरुवातीला एका पानाला इतका वेळ लागायचा की खळ वाळून जायची, आणि दुकानदाराचा माणूस आला की पिशव्या ठरल्याच्या निम्म्याच निघायच्या. तो कुरकुरायचा, “क्या भाभी, माल किधर है?”

गोजरबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. सून पिशव्या कमी करते म्हणून ती चिडेल असं भागीरथीला वाटलं होतं. म्हातारी दोन दिवस नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली, “वाच की, पन हात थांबवू नको. तोंडानं वाच आन हातानं चिकटव.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आन मोठ्यांदा वाच. मला बी कळू दे कोन मेलं ते.”

तेव्हापासून भागीरथी मोठ्याने वाचू लागली, चुकत, अडत, जोडाक्षर आलं की दोनदा मागे जाऊन. शेजारची पोरगी दारातून जाताना चुकलेला शब्द सांगायला लागली, तर भागीरथी तिच्यावर खेकसली, “सांगायचं नाही. माझी मी काढते.” भीमराव बाजेवर पडून ऐकत असायचा. त्याच्या ओठांवर शब्द यायचा, तो गिळायचा आणि कूस बदलायचा. एवढं त्याने केलं, हेही काही कमी नव्हतं.

गणिताची मेहनत वेगळीच निघाली. पुढच्या परीक्षेपासून तोंडी पाढे बंद होऊन लेखी उदाहरणं येणार, असं संस्थेकडून कळलं. भागीरथीला हिशोब यायचा, पण उदाहरण आधी वाचावं लागायचं. ‘एका टाकीत’ आणि ‘प्रत्येक टाकीत’ यातला फरक डोळ्यांनी पकडला नाही तर पाढे काय करणार? दोन्ही विषय शेवटी एकाच ठिकाणी येऊन अडत होते, आणि एकाच ठिकाणाहून सुटत होते. पावसाळा संपेपर्यंत ती उदाहरणं वाचायला लागली, आणि वाचली की सोडवायलाही लागली.

दुसऱ्या वर्षी तीच बराक, त्याच चष्मेवाल्या बाई. शेजारी या वेळी प्रशिक्षण संस्थेचे सेक्रेटरी बसले होते, सफारी घातलेले, घाईत असलेले. सकाळचा गणिताचा पेपर नीट गेला होता. वाचनासाठी बाहेर व्हरांड्यात अजून बऱ्याच बायका ताटकळत होत्या. बाईंनी भागीरथीला ओळखलं आणि कार्ड पुढे केलं. उतारा साबणाच्या कारखान्याचा होता. असला कंटाळवाणा मजकूर तिने वर्षभर दुमडला होता. तिने बोट ठेवलं आणि वाचायला लागली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. भीमरावाचा आवाज त्यात कुठेच नव्हता.

दोन ओळी झाल्या असतील, सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं आणि समोरचा तक्ता ओढला. “उबाळे ना? यांना राखीवमध्ये घेऊन टाकू. त्यात जागा आहेच. बास, बाई, झालं तुमचं. कशाला उगाच त्रास करून घेता?”

चांगल्या मनाने म्हणाले ते, असं नंतर खूप जण म्हणाले. असेलही. पण भागीरथीने कार्डावरचं बोट उचललं नाही. तिने चष्मेवाल्या बाईंकडे पाहिलं.

“बाई,” ती म्हणाली, “गेल्या वर्षी मी चुकीचं म्हणत होते, तेव्हा तुम्ही मला थांबवलं नाही. अख्खं म्हणू दिलंत. आता मला अख्खं वाचू द्या.”

बाईंनी सेक्रेटरींच्या हाताखालून तक्ता आपल्याकडे घेतला आणि मानेनेच ‘वाचा’ म्हटलं.

भागीरथी वाचू लागली. चरबी, सोडा, कढई. वेळ लागत होता. व्हरांड्यातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. चौथ्या ओळीत ‘रासायनिक प्रक्रिया’ आलं आणि ती अडली. सेक्रेटरींनी न राहवून म्हटलं, “रासा...”

“सांगू नका,” भागीरथी म्हणाली.

तिने ‘रा’ काढला, ‘सा’ काढला, ‘यनिक’ पुढे जोडलं. ‘प्रक्रिया’पाशी दोनदा मागे गेली. घामाचा थेंब कार्डावर पडला, तो पदराने पुसला आणि शब्द पुरा केला. मग पुढची ओळ, मग तिच्या पुढची. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत गेली आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

सेक्रेटरींनी तक्ता पुन्हा ओढला आणि राखीवच्या रकान्यात तिचं नाव घालायला पेन टेकवलं.

“साहेब,” भागीरथी म्हणाली, “राखीव जागा आमच्या हक्काची आहे, ती मी सोडत नाही. पण आधी मार्क लिहा. रकाना मागाहून बघा.”

सेक्रेटरींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, क्षणभर विचार केला आणि पन्नासपैकीचा आकडा लिहिला. पास व्हायला वीस लागत होते. आकडा कोणी सांगायच्या आत भागीरथीने तो टेबलाच्या या बाजूने, उलटाच, मोठ्याने वाचला.

“एकोणतीस.”