भन्तेजी गावाला गेलेत

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कॅन्सर आहे हे नाशिकच्या त्या दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. वॉर्डबॉयला, चहावाल्याला, त्याच दुखण्याने शेजारच्या खाटेवर पडलेल्या येवल्याच्या म्हाताऱ्या विणकरालासुद्धा. फक्त दादांना कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. त्या काळी घरोघरी हीच रीत होती. पोटात अल्सर आहे, असं आम्ही त्यांना सांगितलं. आई माझ्या धाकाने गप्प बसली. शाळेत मी मास्तरीण होते, घरातही मीच मास्तरीण.

डॉक्टरांनी पोट उघडून तसंच शिवलं होतं. मुंबईला नेऊ का विचारलं तर म्हणाले, घरी न्या. घरी नेलं तर दादांना संशय येईल, म्हणून मी तेही केलं नाही.

एका रविवारी आमच्या वसाहतीतल्या विहारातले भन्तेजी दवाखान्याच्या फाटकाशी आले. आजाऱ्याजवळ बसून सूत्रपठण करावं, चार शब्द बोलावे, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी धावत खाली गेले आणि त्यांना तिथेच अडवलं. भिक्खूचं चीवर घातलेले तुम्ही उशाशी बसलात की दादा काय ते समजतील, असं त्यांना सुनावलं. आवाज चढलाच माझा.

"ताई, त्यांना विचारून तर बघा," ते म्हणाले.

मी विचारणार नव्हते. ते परत गेले.

संध्याकाळी दादांनी विचारलं, "विहारातलं कोणी आलं नाही का गं?"

"भन्तेजी गावाला गेलेत."

"बरं," म्हणून त्यांनी डोळे मिटले. पुन्हा कधी विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर रोज शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ बसून पोरांच्या गमती सांगत असे. तेही हसत.

बारा-तेरा दिवसांनी, मी शाळेत आणि आई डबा आणायला घरी गेलेली असताना, भरदुपारी दादा गेले.

त्यांचा तांब्या, डबा मी गोळा करत होते, तेव्हा विणकरबाबांनी मला जवळ बोलावलं.

"बाई, त्यांना समदं ठाऊक व्हतं. पोट शिवलं तवापासून. पोरगी खचंल, तिला कळू देऊ नका म्हणायचे. तुम्ही भन्तेजींना परत धाडलं, ते बी या खिडकीतून पाह्यलं त्यांनी."

मी दादांच्या रिकाम्या खाटेवर बसले. म्हाताऱ्याने मग काहीच लपवलं नाही. त्या रविवारपासून दुपारी वॉर्ड निजला की दादा बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणत, पंचशील म्हणत. दुखणं वाढत गेलं तसं त्यांना आठवेनासं झालं.

"मला म्हणायचे, पुढचं सांगा. मला कुठलं येतंय? नुसता हात धरून बसायचो. आज बी मधीच अडकले, अन् गेले."

कुठे अडकले, हे मी विचारलं नाही. मला ते पहिलीत असल्यापासून तोंडपाठ होतं. दादांनीच शिकवलं होतं.