बेरजेहून जास्त

नोकरी करणाऱ्यांना बाहेरून बीएच्या परीक्षेला बसवायचं, त्यातही समाजशास्त्राच्या तात्त्विक मुळांचा पेपर शिकवायचा, म्हणजे किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. ते पदराला कुसळासारखे चिकटूनच घरी येतात. घरी येऊन उपटत बसायचे!

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. सिल्वासात एका शाळेच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग भरायचा. नियम एकच : तपासणीच्या दिवशी आठ डोकी दिसली पाहिजेत. कमी भरली तर वर्ग बंद, आणि मी नंदुरबारला परत. तिथे आईने कांदेपोह्यांची तयारी करूनच ठेवली होती. त्यामुळे दार वाजलं तरी माझ्या हातून खडू पडायचा.

*

पहिल्या दिवशी मी प्रश्न विचारत गावभर हिंडणाऱ्या ग्रीक म्हाताऱ्यापासून सुरुवात केली. विचार करण्याची सुरुवात प्रश्नापासून होते वगैरे. पुढच्या बाकावर कचेरीतले हेडक्लार्क साळवी होते. बीए झाल्याशिवाय प्रमोशन नाही, म्हणून आलेले.

"शेवटी काय झालं त्याचं?"

"विष प्यायला लावलं."

साळवींनी वही मिटली. "कळलं!"

त्यानंतर वर्षभर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

*

मग आला सगळ्यावर शंका घेणारा फ्रेंच. मी रंगात येऊन सांगितलं, त्याने जगावर शंका घेतली, देहावर घेतली. पण शंका घेणारं कुणीतरी आहे, हे काही नाकारता येईना. म्हणजे आपण आहोत, एवढं तरी नक्की!

"आमच्या गेटवर नाही चालत ते मॅडम," पुंडलिकभाऊ म्हणाले. हे खडोलीच्या सुताच्या कारखान्यात फिटर, मूळचे शिरपूरकडचे. "मंगळवारी कार्ड पंच करायचं राहून गेलं. दिवसभर मी मशीनवर. विचारबी करत होतो. टाइमकीपर काय म्हणे? तू आलाच नव्हता!"

*

नावं कुणाच्याच तोंडात बसेनात. म्हणून वर्गाने परस्पर बारसं उरकलं : शंकावाला, करारवाला, बेरीजवाला. मी दहादा बजावलं, पेपरात असं लिहायचं नाही! साळवींनी सराव परीक्षेत माझं ऐकलं. लिहिलं, "माननीय करारवाले साहेब यांच्या मते..."

*

या करारवाल्या साहेबांचं म्हणणं साधं. समाज नव्हता तेव्हा जो तो एकमेकांच्या उरावर. मग सगळ्यांनी मिळून करार केला, कुणाचं तरी ऐकायचं ठरवलं. प्राथमिक शाळेतल्या सावंतबाई, देवगडच्या, माझ्या आईच्या वयाच्या, लगेच म्हणाल्या, "अगो, त्यात काय शिकवायचं? मी पाणी प्यायला वर्गाबाहेर गेले की पहिलीत तेच सुरू होतं!"

मला भरून आलं. कुणाला तरी कळलं! तेवढ्यात साळवींचा आवाज : "कराराचा कागद असेल."

"कागद नाही हो, ती कल्पना आहे."

"मग फाइल पुढे सरकणार नाही."

पुढची वीस मिनिटं अख्खा वर्ग कागद शोधत होता!

*

पण माझं डोकं खरं उठवलं ते बेरीजवाल्याने. समाज म्हणजे माणसांची नुसती बेरीज नव्हे, त्याहून जास्त काहीतरी असतं. एवढंच वाक्य. पुंडलिकभाऊंनी ते तीन आठवडे मान्य केलं नाही.

"मी मशीन खोलतो मॅडम. सगळे पार्ट टेबलावर मांडतो. त्यात जास्तीचं काय असतं, दाखवा ना."

"अहो, जोडल्यावर ती चालते! ते चालणं कुठल्या एका पार्टात असतं का?"

"ती लाइटीवर चालते."

मी खडू खाली ठेवला. या वेळी मुद्दाम.

"तुम्ही शिकवता म्हणून सगळं पटलंच पाहिजे असं नाही ना," वर तेच मला समजावत होते.

*

आणि एका शनिवारी, न कळवता, तपासणी आली. खडोली, राखोली, दोन्हीकडच्या कारखान्यांत ओव्हरटाइम लागलेला, म्हणून वर्ग अर्धा रिकामा. दार ढकललं गेलं, खडू पडला, दोन तुकडे. तपासणीच्या साहेबांनी पेनाच्या टोपणाने बाकांवरची डोकी मोजली.

"पाच. आठ लागतात, माहीत आहे ना?"

माझ्या डोळ्यांपुढे पोह्यांची बशी.

पुंडलिकभाऊ उठले. बाहीला ग्रीस तसंच. ओव्हरटाइम सोडून आले होते.

"साहेब, पाच ही बेरीज झाली."

"मग?"

"वर्ग म्हणजे माणसांची बेरीज नसते. त्याहून जास्त असतो."

"किती जास्त?"

"ते मीबी तीन आठवडे विचारलं. टेबलावर काढून दाखवता येत नाही. पण असतं!"

साहेब माझ्याकडे वळले. "हे अभ्यासक्रमात आहे?"

"पहिल्याच पेपरात," सावंतबाईंनी परस्पर सांगितलं.

साहेबांचं पेन रजिस्टरवर अधांतरी. तेवढ्यात साळवी उभे राहिले.

"साहेब, चहा घेणार का?"

साहेबांनी चहा घेतला, काहीतरी खरडलं आणि निघून गेले. मी रजिस्टर उघडलं. उपस्थितीच्या रकान्यात आकडा नव्हताच. तिथे एकच शब्द होता : "पुरेशी."